पेडण्याचे धन्वंतरी : डॉ. भाऊ दाजी लाड

सुर्ल्यात घरात कुणी आजारी पडले की आधी फाईल शोधली जाते. साखळीच्या नाहीतर डिचोलीच्या दवाखान्यातले केस पेपर, रक्ताचे रिपोर्ट, बांबोळीच्या गोमेकॉमधून मिळालेले डिस्चार्ज कार्ड, सगळे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेले असते. डॉक्टर आधी ती पिशवी मागतात आणि मग रोग्याकडे बघतात, अशी आपली तक्रार असते. पण त्या पिशवीत रोग्याचे संरक्षण आहे. मागच्या डॉक्टराने काय दिले, ते मानवले की नाही, कशाने अंगावर पुरळ उठले, हे कागदावर असले म्हणजे तीच चूक दुसऱ्यांदा होत नाही.

रोग्याच्या खाटेशी उभे राहून रोज लिहून ठेवायची ही शिस्त पाश्चात्त्य वैद्यकाबरोबर आपल्याकडे आली. ती रीतसर शिकून मुंबईत डॉक्टर झालेली एतद्देशीयांची पहिली तुकडी १८५१ सालची. तिच्यात आपल्या डिचोलीला लागून असलेल्या पेडणे तालुक्यातला एक तरुण होता. त्याचे नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जग त्यांना डॉ. भाऊ दाजी म्हणून ओळखते. भायखळ्याच्या राणीच्या बागेत जे जुने वस्तुसंग्रहालय आहे त्याला १९७५ साली त्यांचे नाव मिळाले, त्यामुळे मुंबईकरांना ते नाव निदान पाटीवर तरी माहीत असते. त्या पाटीमुळेच बऱ्याच जणांना वाटते की हे गृहस्थ पुराणवस्तूंचे कुणी संग्राहक असावेत. ते होतेही. पण मुळात ते वैद्य होते, आणि या लेखात त्यांच्याकडे वैद्य म्हणूनच बघायचे आहे.

भाऊंचा जन्म १८२२ साली मांद्र्याला झाला. घराणे मूळचे पार्सेचे, गौड सारस्वत ब्राह्मणांचे. पेडणे महाल १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेला होता, म्हणजे भाऊंच्या जन्माच्या वेळी तिथे फिरंगी अंमल येऊन एक पिढी उलटली होती. तरी खेड्यातल्या औषधपाण्यात त्याने काही फरक पडला नव्हता. गावठी मुळ्या, पाला, घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे काढे, आणि त्याने भागले नाही तर देवाला गाऱ्हाणे. पणजीला वैद्यकीय शाळा निघाली ती १८४२ मध्ये. तोपर्यंत लाड मंडळींना गोवा सोडून दहा वर्षे झाली होती.

गोवा सोडण्याचे कारण बुद्धिबळ होते असे सांगतात. लहानग्या भाऊची खेळातली चमक एका इंग्रज गृहस्थाने पाहिली आणि या मुलाला इंग्रजी शिकवा असा वडिलांना आग्रह केला. त्यावरून विठ्ठलपंत मुलाला घेऊन १८३२ च्या सुमारास मुंबईला आले. नव्या शहरात पोट भरण्यासाठी ते मातीच्या बाहुल्या विकत. डिचोलीचे कुंभार आणि चवथीचे चित्रशाळेतले गणपती ज्यांनी पाहिले आहेत त्यांना मातीच्या कामातली मेहनत आणि त्यातली तुटपुंजी मिळकत वेगळी सांगायला नको. त्या बाहुल्यांच्या पैशांवर भाऊ शिकले, आणि धाकटा भाऊ नारायण हाही पुढे डॉक्टर झाला.

शाळेतली हुशारी, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधले शिक्षण, तिथेच मिळालेली शिक्षकाची नोकरी, हे सगळे त्या काळच्या होतकरू मुलांच्या चरित्रात असते तसेच. एक गोष्ट मात्र थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. काठेवाड आणि कच्छमधल्या जाडेजा रजपुतांत मुली जन्मताच मारण्याची चाल होती. तिच्यावर सरकारने बक्षिसाचा निबंध मागवला आणि ते बक्षीस भाऊंनी मिळवले. एक तरुण मास्तर मुंबईत बसून दूरच्या मुलुखातल्या तान्ह्या मुलींच्या मृत्यूंची कारणे शोधतो आणि ते थांबवायचे उपाय मांडतो, यात पुढचा डॉक्टर दिसतो. मरण हे नशिबाचे म्हणून सोडून द्यायचे नाही, कशाने आले ते विचारायचे, ही वृत्ती वैद्यक शिकण्याआधीच त्यांच्यात होती.

१८४५ साली भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. शेजारीच सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून उभे राहिलेले इस्पितळ. शिक्षकाची जम बसलेली नोकरी सोडून भाऊ पुन्हा विद्यार्थी झाले. वय तेवीसच्या आसपास. मुडद्याला हात लावणे हा त्या वेळी ब्राह्मण घरात केवढा मोठा प्रश्न असेल याची कल्पनाच केलेली बरी.

कॉलेजचे पहिले प्रमुख डॉ. चार्ल्स मोरहेड. या माणसाबद्दल आपल्याकडे फार लिहिले जात नाही, पण भाऊंचे वैद्यक समजायचे तर मोरहेड समजले पाहिजेत. ते एडिंबरोला शिकले आणि नंतर पॅरिसला पिएर लुई यांच्या हाताखाली. लुई हे जगाच्या वैद्यकात एका साध्या गोष्टीसाठी प्रसिद्ध आहेत. ते रोगी मोजत. त्या काळी न्युमोनिया झाला की रक्त काढायचे, जळवा लावायच्या, हा शेकडो वर्षांचा पाठ होता आणि त्याने गुण येतो याबद्दल कुणाला शंका नव्हती. लुईंनी रोग्यांची टिपणे समोर ठेवली, कुणाचे रक्त लवकर काढले, कुणाचे उशिरा, किती जगले, किती दिवसांत उठले, हे आकडे मांडले आणि १८३५ साली दाखवून दिले की रक्त काढण्याचा उपयोग लोक समजतात त्यापेक्षा फारच थोडा आहे. पॅरिसच्या भल्याभल्या वैद्यांना हे रुचले नाही. पण तिथून पुढे गुण येतो असे नुसते म्हणून भागेनासे झाले.

ही दृष्टी घेऊन मोरहेड मुंबईला आले. जे. जे. च्या वॉर्डांत विद्यार्थ्यांनी रोग्याच्या खाटेपाशीच शिकायचे अशी पद्धत त्यांनी घातली. रोगी आला तेव्हा काय होते, नाडी कशी, ताप किती दिवसांचा, काय दिले, दुसऱ्या दिवशी काय बदल, आणि मृत्यू आलाच तर शवविच्छेदनात काय दिसले, हे सगळे लिहून काढायचे. या इस्पितळातल्या अनुभवावर त्यांनी १८५६ मध्ये हिंदुस्थानातल्या रोगांविषयी मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. व्हिएन्नात सेमेलवाइस हात धुवायला लावून बाळंतिणींचे मृत्यू कमी करीत होता तो १८४७ चा सुमार, आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल स्कुटारीला गेली ती १८५४ मध्ये. रोगी इस्पितळात आल्यावर तिथल्याच चुकांमुळे मरू नये, याचा विचार जगात नुकताच सुरू होत होता. आमचे भाऊ त्याच वर्षांत भायखळ्याला त्याच पद्धतीचे धडे गिरवत होते. ही गोष्ट मला त्यांच्या सगळ्या पदव्या आणि मानमरातबांपेक्षा मोठी वाटते.

१८५१ मध्ये कॉलेजची पहिली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली. अनंत चंद्रोबा, पुढे प्रार्थना समाज स्थापणारे आत्माराम पांडुरंग, आणि गोव्याचेच जुझे कामिलो लिझबोआ हे त्यांचे सोबती. पुढे नारायण दाजीही त्याच कॉलेजातून बाहेर पडले. भाऊंनी त्याच वर्षी मुंबईत स्वतंत्र व्यवसाय सुरू केला, आणि गोरगरिबांसाठी दोघा भावांनी धर्मार्थ दवाखाना चालवला. इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही अशी समजूत तेव्हा पक्की होती. तिथले जेवण कुणाच्या हातचे, पाणी कुणाच्या हातचे, बाईमाणसाला परका पुरुष हात लावणार, औषधात दारू असणार, असे सतरा प्रश्न. अशा लोकांना त्यांच्याच भाषेत बोलणारा, त्यांच्या सोवळ्याओवळ्याची जाण असलेला आणि तरीही जे. जे. च्या तालमीत तयार झालेला डॉक्टर मिळणे ही साधी गोष्ट नव्हती. भाऊंचा जम लवकर बसला. शहरातले बडे शेटजी आणि गल्लीतले कामकरी असे दोन्ही थरांतले लोक त्यांच्याकडे येत.

त्यांच्या वैद्यकाचा आणखी एक पैलू होता. त्यांनी संस्कृत वैद्यकग्रंथ बारकाईने वाचले. जुन्या वैद्यांनी अमुक वनस्पतीला अमुक गुण सांगितला आहे, तर तो खरेच येतो का, हे ते रोग्यावर देऊन तपासत. त्या काळच्या सुशिक्षितांत दोन तट होते. एकाला जुने सगळे टाकाऊ वाटे, दुसऱ्याला जुने सगळे पवित्र. भाऊ दोन्हीकडे बसले नाहीत. ग्रंथात लिहिले आहे हे त्यांना पुरत नसे आणि ग्रंथात लिहिले आहे म्हणून ते हसतही नसत. शिलालेखांच्या बाबतीतही त्यांची हीच रीत होती. अजिंठ्याच्या लेखांवर, कालिदासाच्या काळावर, आर्यभट आणि वराहमिहिर यांच्या कालनिर्णयावर त्यांनी जे लिहिले ते मूळ लेखाचे ठसे आणि हस्तलिखिते समोर ठेवून. पंडित भगवानलाल इंद्रजी हे त्यांच्याच कामासाठी देशभर हिंडून लेखांचे ठसे घेत. रोग्याचा केस पेपर आणि दगडावरचा लेख, दोन्ही नीट वाचायचे, इतकेच.

त्यांच्या सार्वजनिक कामांची यादी फार लांब आहे आणि ती इतरत्र मिळते. बॉम्बे असोसिएशनचे ते १८५२ पासूनचे चिटणीस, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंपैकी एक, मुलींच्या शिक्षणाचे कैवारी, वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीतले बिनीचे कार्यकर्ते, आणि १८६९ व १८७१ असे दोनदा मुंबईचे शेरीफ. यातले काहीही कमी नाही. पण मला त्यांच्या आयुष्यातले दोन प्रसंग जास्त महत्त्वाचे वाटतात. दोन्ही रोग्याच्या विश्वासाशी संबंधित आहेत.

पहिला प्रसंग १८६२ चा. वल्लभ पंथाचे जदुनाथजी महाराज यांनी करसनदास मुळजी या सुधारक पत्रकारावर अब्रूनुकसानीचा दावा लावला होता. महाराजांच्या अनाचाराबद्दल करसनदासांनी छापले होते. मुंबईच्या सुप्रीम कोर्टात चाललेला हा खटला ऐकायला गर्दी उसळे. खरे-खोटे ठरवताना प्रश्न आला महाराजांच्या आजाराचा. गरमीचा रोग आपल्याला कधी झालाच नाही, असे महाराजांचे म्हणणे. आणि त्यांच्यावर उपचार केलेल्या डॉक्टरांत भाऊ दाजी होते.

आता डॉक्टराने काय करावे? रोग्याने विश्वासाने उघडे केलेले दुखणे चव्हाट्यावर सांगायचे नाही, हा वैद्याचा जुना धर्म. त्यात रोगी धर्मगुरू, त्याचे अनुयायी म्हणजे मुंबईतले मोठमोठे व्यापारी, ज्यांच्या घरी भाऊंचा रोजचा राबता. गप्प राहणे सोपे होते आणि सभ्यही दिसले असते. भाऊंनी आणि डॉ. धीरजराम दलपतराम यांनी शपथेवर साक्ष दिली आणि आजार होता हे सांगितले. एप्रिलमध्ये निकाल लागला तेव्हा करसनदासांची बाजू खरी ठरली होती, आणि डॉक्टरांच्या साक्षीचा त्यात मोठा भाग होता.

आजच्या डॉक्टरांना या साक्षीबद्दल विचारले तर मते दोन पडतील. मला स्वतःला वाटते की भाऊंनी केले ते बरोबर, कारण प्रश्न एका रोग्यापुरता नव्हता. ज्या बायका त्या माणसाच्या पायाशी नेल्या जात त्यांच्या शरीराचे काय? त्यांचा डॉक्टर कोण? परंतु ही निवड करताना भाऊंना किती जड गेले असेल हेही विसरता येत नाही. कोर्टाच्या बाहेर त्यांनी ही गोष्ट कुणाला सांगत फिरल्याचे कुठे दिसत नाही. शपथ घालून विचारले तेव्हा सांगितले, तेवढेच.

मग १८६५ आले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव आभाळाला भिडले होते, युद्ध संपले आणि मुंबईचा शेअरबाजार कोसळला. शहरातली निम्मी बडी घराणी त्यात बुडाली. भाऊंचाही पैसा गेला. हिशेबी डोक्याचा माणूस असा कसा फसला असे वाटते, पण त्या दोन-तीन वर्षांत मुंबईत फसला नाही असा माणूस विरळा. सगळी मिळकत गेल्यावर त्यांच्यापाशी उरले ते वैद्यक, आणि याच काळात त्यांचे कुष्ठरोगावरचे काम भरात आले. दुसरा प्रसंग म्हणतो तो हा.

कुष्ठरोगी मुंबईच्या रस्त्यावर, देवळांच्या पायऱ्यांवर, बंदरावर सगळीकडे दिसत. माटुंग्याचे आश्रयस्थान ॲकवर्थ यांनी उभारले ते १८९० मध्ये, म्हणजे पुष्कळ पुढे. भाऊंच्या वेळी या लोकांना घरही नव्हते आणि औषधही नव्हते. भाऊंनी उपचार धरला तो कडू कवठाच्या बियांच्या तेलाचा. हे झाड सह्याद्रीच्या ओल्या रानात, ओहोळांच्या काठी वाढते. फळ लाकडी कवचाचे, आत तेलकट बिया. कोकणात आणि गोव्यात खरजेवर, जखमांवर हे तेल लावायची जुनी माहिती होती. याच झाडाचा एक भाऊबंद, चालमोगरा, पूर्वेकडे कुष्ठावर वापरत आणि कलकत्त्याच्या डॉ. मोआट यांनी १८५४ मध्ये त्याच्याकडे इंग्रज डॉक्टरांचे लक्ष वेधले होते. भाऊंच्या उपचाराने बऱ्याच रोग्यांचे चट्टे कमी झाले, बधिर कातडीला जाणीव आली, अशी कीर्ती पसरली. दूरदूरचे रोगी त्यांच्याकडे येऊ लागले.

पण औषध कोणते, हे भाऊंनी जाहीर केले नाही.

इथे त्यांच्यावर टीका झाली आणि ती सरसकट खोटी म्हणता येत नाही. डॉक्टराने रोगावर गुण येणारे औषध सापडले म्हणायचे आणि त्याचे नाव लपवायचे, हे मोरहेडच्या शाळेत बसत नाही. औषध लपवणारा वैदू आणि कॉलेजातून शिकून आलेला डॉक्टर यांच्यात फरक कोणता, तर हाच, की डॉक्टराचे औषध दुसऱ्या डॉक्टराला तपासता येते. ज्या माणसाने कोर्टात रोग्याचे गुपित शपथेवर उघडे केले, त्याने दवाखान्यात औषधाचे गुपित बंद ठेवावे, याचा मेळ कसा घालायचा?

भाऊंच्या बाजूने सांगण्यासारखेही आहे. कुष्ठ हा वर्षानुवर्षे चालणारा रोग. मधेच बरा झाल्यासारखा वाटतो आणि पुन्हा उचल खातो. सहा महिन्यांत चट्टा गेला म्हणून डांगोरा पिटला आणि दोन वर्षांनी रोग परत आला, तर हजारो रोगी फसले असते. पुरेशी वर्षे जाऊ देऊन मग बोलावे, ही सावधगिरी खोटी नव्हती. दुसरे असे की नाव बाहेर पडताच बाजारात भेसळीच्या तेलाच्या बाटल्या आल्या असत्या. हे तेल पोटात घेतले की मळमळ होते, ओकाऱ्या होतात. मात्रा चुकली तर दुबळ्या रोग्याचे हाल. भाऊंचे बोलणे लांबले त्यात हा विचार असावा असे मला वाटते. तरी एवढी वर्षे लांबायला नको होते, हेही मनात येतेच.

त्याच कॉलेजात डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनीही शिकवले होते. ग्रे यांच्या प्रसिद्ध शरीररचनेच्या पुस्तकातली चित्रे काढणारे हेच कार्टर. तेही कुष्ठरोग्यांचा अभ्यास करत होते, त्यांची गणती करत होते, आणि १८७३ मध्ये रोगाचा अभ्यास करण्यासाठी नॉर्वेपर्यंत जाऊन आले. त्याच साली नॉर्वेत बर्गेनला हान्सेन यांनी कुष्ठाचा जंतू दाखवला. रोगाचे कारण सापडत होते, आणि ज्याच्या हाती त्या वेळचा सर्वांत आशादायक उपचार होता तो माणूस मुंबईत थकत चालला होता. औषधाचा तपशीलवार अहवाल भाऊंच्या हातून झालाच नाही. ३१ मे १८७४ रोजी ते गेले. वय अवघे बावन्न.

ते तेल कडू कवठाचे होते हे त्यांच्यानंतर वैद्यकाच्या पुस्तकांत नोंदले गेले. विल्यम डायमॉक यांनी मुंबईच्या औषधी वनस्पतींवर लिहिताना भाऊंच्या उपचाराची दखल घेतली. पुढे त्या तेलाची मळमळ टाळायला ते सुईने द्यायचे प्रयोग झाले. हवाईत १९१५ च्या सुमारास ॲलिस बॉल या तरुण कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ मुलीने चालमोगरा तेल टोचण्याजोगे केले. कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स आणि अर्नेस्ट म्यूर यांनी तर आपल्या सह्याद्रीतल्या कडू कवठाचेच तेल पसंत केले. १९४० नंतर सल्फोन औषधे येईपर्यंत, म्हणजे भाऊंच्या मृत्यूनंतर जवळजवळ सत्तर वर्षे, जगभर कुष्ठावर भरवसा ठेवला गेला तो याच जातीच्या तेलांवर. तो उपचार पुरता गुणकारी नव्हता हेही आता माहीत आहे. काहींना उतार पडे, काहींना नाही. भाऊंच्या रोग्यांत उतार पडलेले किती, न पडलेले किती, औषध सोडून पळून गेलेले किती, याचा तक्ता १८७० च्या सुमारास छापला गेला असता तर पुढच्यांना कितीतरी चाचपडणे वाचले असते.

भाऊंचे विद्वत्तेचे लेख पुढे कलकत्त्यात रामचंद्र घोष यांनी गोळा करून ग्रंथरूपाने छापले. कालिदास, आर्यभट, अजिंठा, सगळे त्यात आहे. दवाखान्यातली टिपणे मात्र त्यात नाहीत.

कडू कवठाची झाडे गोव्यात अजून आहेत. आपल्या डिचोली-सत्तरीच्या ओहोळांकाठी, पाण्याच्या अगदी कडेला, तपकिरी खरखरीत गोळ्यांसारखी फळे लागलेली दिसतात. बिया काढून तेल गाळणारी माणसे आता थोडी उरली आहेत. मांद्र्याच्या त्या मुलाने लहानपणी हे फळ हातात घेतले असेलच, कारण पेडण्यात ते परके नव्हते.